गाडी परत येईल म्हणून राखलेली वाट: मिसुरीच्या केटी ट्रेलची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे कसं' आणि 'तर मग' जमतील तेवढे काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.

आज अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात जायचंय. तिथे केटी ट्रेल नावाची सायकलची वाट आहे. पूर्वेला सेंट लुईसजवळचं मॅचेन्स आणि पश्चिमेला क्लिंटन, मधलं अंतर २४० मैल, म्हणजे साधारण ३८६ किलोमीटर. मुंबई ते कोल्हापूर समजा ना. या सगळ्या अंतरावर खाली बारीक चुनखडीची कच पसरलेली आहे, आणि निम्म्याहून जास्त वाट मिसुरी नदीच्या काठाने जाते. एका हाताला नदी आणि मक्या-सोयाबीनची शेतं, दुसऱ्या हाताला चुनखडीचे उभे कडे. पूर्वी इथून रेल्वे जायची. आता सायकली जातात.

इथपर्यंत सगळं पर्यटनाच्या माहितीपत्रकात मिळेल. त्यात सहसा न सापडणारी गोष्ट अशी की कायद्याच्या कागदावर या वाटेचा बहुतेक भाग आजही रेल्वेमार्गच आहे. रूळ उचलून साडेतीन दशकं उलटून गेली, तरी सरकारदरबारी म्हणणं असं की गाडी कधीतरी परत येऊ शकते, आणि तोवर लोकांना सायकली चालवू द्या. हे वाक्य कुणी लिहिलं, ते लिहिल्यामुळे काय वाचलं, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा आजचा विषय.

नदीकाठची रेल्वे

आधी नावाचं सांगतो. कंपनीचं पूर्ण नाव मिसुरी-कॅन्सस-टेक्सस रेलरोड. आद्याक्षरं एम-के-टी. लोक नुसतं के-टी म्हणायला लागले आणि के-टीची झाली केटी. कंपनी १८६५ सालची, पण नदीकाठचा हा फाटा उशिरा, १८९० च्या दशकात बांधला गेला.

तोपर्यंत नदीच्या दक्षिण काठाची चांगली जागा दुसऱ्या रेल्वेने, मिसुरी पॅसिफिकने, केव्हाच धरली होती. केटीच्या वाट्याला उत्तर काठ आला. नदीकाठी रेल्वे बांधायचं कारण सोपं आहे. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, आणि नदी आपण होऊन सपाट वाट काढून देते. आज केटी ट्रेलवर साठीच्या वरची माणसंही आरामात सायकल चालवतात, त्याचं श्रेय त्या इंजिनांच्या कमकुवत दमाला द्यायला हवं.

पण सपाट वाट देणारी नदी पूरही देते. दर काही वर्षांनी रूळ पाण्याखाली जायचे, भराव वाहून जायचा, पुन्हा बांधायचा. मालवाहतूक ट्रककडे वळत गेली तशी ही दुरुस्ती परवडेनाशी झाली. ऑक्टोबर १९८६ मध्ये मोठा पूर आला, आणि कंपनीने मॅचेन्स ते सेडेलिया या पट्ट्यावरच्या गाड्या बंद करायचं ठरवलं.

हे एकट्या मिसुरीत घडत नव्हतं. अमेरिकेत १९१६ च्या सुमारास अडीच लाख मैलांहून जास्त रेल्वेमार्ग होते. त्यानंतर मोटारी आल्या, महामार्ग आले, आणि मार्ग बंद होऊ लागले. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे कंपन्यांवरची सरकारी बंधनं सैल केली, तेव्हा तोट्यातला मार्ग सोडून देणं अजून सोपं झालं.

सातबारा कुणाच्या नावावर?

आता जरा किचकट भाग. मी इंजिनियर माणूस, वकील नाही, पण हा मुद्दा कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

रेल्वे बंद झाली की ती जमीन कुणाची? आपल्याला वाटतं कंपनीची. पण अमेरिकेत रेल्वेखालच्या जमिनीचा बराच भाग कंपन्यांनी विकत घेतलेलाच नव्हता. शेतकऱ्याकडून त्यांनी फक्त गाडी नेण्याचा हक्क घेतला होता.

आपल्याकडे गावात वाढलेल्याला हे लगेच कळेल. शेतातून दुसऱ्याची वहिवाट जाते. जमीन तुमची, सातबारा तुमच्या नावावर, पण वाट त्याची. तो बैलगाडी नेतो, तुम्ही अडवू शकत नाही. आणि त्याने ती वाट कायमची सोडली, तर ती पट्टी पुन्हा सगळी तुमची. मिसुरीतल्या शेतकऱ्यांची समजूत नेमकी हीच होती. आजोबा-पणजोबांनी रेल्वेला वाट दिली होती. रेल्वे गेली, वाट संपली, आता कुंपण काढून पेरणी करू.

आणि म्हणूनच बंद पडलेला रेल्वेमार्ग फार लवकर नाहीसा होतो. शंभर मैलांच्या मार्गात शंभर मालक असतील, तर तो मार्ग शंभर तुकड्यांत विरघळतो. एकाने पेरणी केली, दुसऱ्याने गोदाम बांधलं, तिसऱ्याने भराव सपाट केला. पुन्हा कधी सलग पट्टी हवी झाली तर प्रत्येकाच्या दारात जाऊन जमीन विकत घ्यायची. एकोणिसाव्या शतकात जे जमलं ते आज जमणं जवळपास अशक्य.

आता 'जमीन कुणाची' या प्रश्नाच्या अजून खालच्या थरात गेलं, तर शेतकऱ्यांच्याही आधी इथे ओसेज लोक होते. १८०८ च्या तहात त्यांना आजच्या मिसुरीचा फार मोठा भाग सोडून द्यावा लागला. ट्रेलच्या पुढच्या खटल्यांत त्यांचं नावही येत नाही. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

डिलीट करू नका, आर्काइव्ह करा

जुन्या रेल्वेमार्गावर चालायची-सायकलची वाट करावी, ही कल्पना केटीच्या आधीची आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये मे थाइलगार्ड वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी शिकागो ट्रिब्यूनला एक पत्र लिहिलं. शिकागोच्या पश्चिमेला एक इलेक्ट्रिक रेल्वे बंद पडली होती. ती जागा बुलडोझर येण्याआधी पायवाट म्हणून राखा, असं त्यांचं सांगणं. त्यातून इलिनॉय प्रेअरी पाथ उभा राहिला. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याने १९६५ मध्ये एल्रॉय ते स्पार्टा हा ३२ मैलांचा बंद मार्ग विकत घेतला आणि १९६७ मध्ये तो लोकांसाठी खुला केला. त्यावर तीन बोगदे आहेत, त्यातला सगळ्यात लांब पाऊण मैलाच्या आसपास.

पण अशी प्रत्येक वाट म्हणजे वेगळी झुंज होती. जमिनीचे हक्क मधेच कुठेतरी तुटायचे आणि सगळं अडायचं.

१९८३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट कायद्यात एक दुरुस्ती केली. तिला रेलबँकिंग म्हणतात. युक्ती अशी. रेल्वे कंपनी मार्ग सोडायला निघाली, की एखादं राज्य सरकार किंवा संस्था पुढे येऊन म्हणू शकते, आम्ही याची देखभाल करतो, कर आणि जबाबदारी आमची, आम्ही इथे तात्पुरती पायवाट करतो. कंपनी कबूल झाली, की कायद्याच्या दृष्टीने मार्ग 'सोडलेला' नाही असं धरलं जातं. तो पुढच्या काळासाठी बँकेत ठेवला आहे. उद्या देशाला पुन्हा रेल्वे लागली, तर रूळ टाकता येतील.

आमच्या धंद्यात याला समांतर गोष्ट आहे. जुनी सिस्टीम बंद करताना सगळं डिलीट करायचं नाही, आर्काइव्ह करायचं. कुणी वापरत नसलं तरी जागा धरून ठेवायची. फरक एवढाच की आमच्या आर्काइव्हसाठी आम्ही सर्व्हरचं भाडं भरतो. इथे जागा दुसऱ्याची होती, आणि भाड्याचा विषय कायद्यात कुणी काढलाच नव्हता.

टेड जोन्स यांचा चेक

मिसुरीत हा कायदा वापरायची संधी १९८६ मध्ये आली. पण राज्याकडे पैसे नव्हते. इथे एडवर्ड 'टेड' जोन्स यांचा प्रवेश होतो. वडिलांच्या नावाची शेअर-दलाली कंपनी त्यांनी लहान लहान गावांत पोचवून मोठी केली होती. ते आणि त्यांच्या पत्नी पॅट यांनी विस्कॉन्सिनमधली ती एल्रॉय-स्पार्टाची वाट पाहिली होती, आणि आपल्या राज्यात असं काही व्हावं असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मार्गाचा हक्क घेण्यासाठी २ लाख डॉलर आणि बांधणीसाठी २० लाख डॉलर दिले.

एप्रिल १९९० मध्ये रोशपोर्ट या छोट्याशा गावी ट्रेलचा पहिला तुकडा सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेड जोन्स वारले. पूर्ण झालेली वाट त्यांना पाहायला मिळाली नाही. १९९१ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेने सेडेलिया ते क्लिंटनजवळपर्यंतचा ३३ मैलांचा पट्टा देऊन टाकला. युनियन पॅसिफिकने केटी कंपनीच १९८८ मध्ये विकत घेतली होती. मग १९९३ चा महापूर आला आणि नवी कोरी वाट बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेली. नदीने रेल्वेला जे केलं तेच सायकलींनाही केलं. पुन्हा बांधली.

सायकलवरून काय दिसतं

मी या वाटेचा मॅकबेन ते बूनव्हिल हा तुकडा एका ऑक्टोबरात दोन मित्रांबरोबर केला. तुम्हाला एकच दिवस मिळाला तर हाच करा असं सांगेन.

मॅकबेनजवळ शेताच्या मधोमध ओकचं एक एकटं झाड उभं आहे. साडेतीनशे-चारशे वर्षांचं मानतात. म्हणजे मिसुरी हे राज्य व्हायच्या कितीतरी आधीचं. २०२० मध्ये त्यावर वीज पडली, तरी झाड टिकलं. तिथून रोशपोर्टपर्यंत वाट नदीला चिकटून जाते. सायकल थांबवून कान दिलात, तर पाण्याचा आवाजही येत नाही, इतकी रुंद आणि संथ नदी.

ट्रेलच्या पूर्वेकडच्या भागात नदीच्या दक्षिण काठावरून, म्हणजे ज्या बाजूची जागा मिसुरी पॅसिफिकने आधी पटकावली होती तिथून, अजूनही गाड्या धावतात. कधीकधी पलीकडून इंजिनाचा भोंगा ऐकू येतो. जुन्या रेल्वेच्या वाटेवर सायकल चालवताना समोरून जिवंत रेल्वेचा आवाज येणं, हे जरा मजेशीर वाटतं.

रोशपोर्टला ट्रेलवरचा एकमेव बोगदा आहे, १८९३ चा, २४३ फूट लांब. इथले कडे जरा बघत राहा. जून १८०४ मध्ये लुईस आणि क्लार्क यांची मोहीम होड्यांमधून इथून वर गेली. या कड्यांवर मूळ रहिवाशांनी काढलेली चित्रं होती, त्यांची नोंद क्लार्कच्या रोजनिशीत आहे. शिवाय तिथे खुळखुळ्या सापांचं बीळ निघालं आणि तीन साप मारले, हेही त्याने लिहून ठेवलंय. त्या चित्रांतली बहुतेक आज नाहीत. रेल्वेसाठी कडे फोडले तेव्हा ती गेली. आपण जिथून आरामात सायकल चालवतो, ती सपाटी काही ठिकाणी सुरुंगाने काढलेली आहे.

पूर्वेकडे अजून खाली गेलात तर ऑगस्टा लागतं. जर्मन लोकांनी वसवलेलं द्राक्षमळ्यांचं गाव. गंमत म्हणजे ऑगस्टा हे नदीवरचं बंदर होतं, पण १८७२ मध्ये नदीनेच पात्र बदललं आणि गावाचा धक्का कोरडा पडला. हेच गाव १९८० मध्ये अमेरिकेतला सरकारमान्य असा पहिला द्राक्ष-वाइन प्रदेश ठरलं, प्रसिद्ध नापा खोऱ्याच्याही आधी. सेडेलियात १८९६ सालचं केटीचं दगडी स्टेशन अजून उभं आहे. स्कॉट जोप्लिन यांचं 'मेपल लीफ रॅग' प्रसिद्ध झालं ते याच गावात असताना, १८९९ मध्ये.

या गावांना ट्रेलने जगवलं, असं सरसकट म्हणणं जास्तीचं होईल, पण हात नक्की दिला. राज्याच्या उद्यान विभागाने २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासात वर्षाला सुमारे ४ लाख लोक येतात आणि स्थानिक अर्थव्यवस्थेवर १ कोटी ८५ लाख डॉलरचा परिणाम होतो, असा आकडा निघाला. जिथे स्टेशन बंद झालं तिथे आज राहायची खोली आणि पंक्चर काढायची सोय मिळते.

शेतकरी कोर्टात जातो

आता परत त्या वहिवाटीकडे.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. त्याच्या लेखी रेल्वे गेली होती. रूळ उचलून नेले होते. राज्य सरकार म्हणतंय गाडी परत येईल, पण सरकार स्वतः तिथे बाक आणि पाण्याचे नळ बसवतंय. त्याच्या शेताच्या मधून, घराच्या मागून, अनोळखी लोक दिवसभर जाणार. आणि यासाठी त्याला कुणी विचारलं नाही, एक पैसाही दिला नाही. पणजोबांनी वाट दिली होती ती रेल्वेला. सायकलींना नाही.

मिसुरीतले काही जमीनमालक कोर्टात गेले आणि १९८९ मध्ये अपील कोर्टात हरले. तिकडे व्हर्माँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये प्रेसॉल्ट दांपत्याने असाच खटला भरला होता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २१ फेब्रुवारी १९९० रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला की रेलबँकिंगचा कायदा घटनेत बसतो. म्हणजे रोशपोर्टला ट्रेल सुरू व्हायच्या जेमतेम दोन महिने आधी.

बातम्यांमध्ये हा सायकलवाल्यांचा विजय म्हणून गाजला. पण निकालात दुसरी एक गोष्ट होती. न्यायालय म्हणालं, या कायद्याने कुणाची जमीन हिरावली गेली असेल, तर भरपाई मागायचा रस्ता मोकळा आहे, आणि तो रस्ता मोकळा आहे म्हणूनच कायदा घटनाबाह्य ठरत नाही. थोडक्यात, वाट राहील, पण बिल सरकारच्या नावावर फाटू शकतं.

१९९६ मध्ये प्रेसॉल्ट दांपत्य भरपाईचा खटला जिंकले. आणि २००० मध्ये केंद्र सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाने केटी ट्रेलच्या बाबतीतही तेच ठरवलं. मिसुरीच्या कायद्यानुसार रेल्वेची वहिवाट संपली होती, आणि सायकलची वाट हा रेल्वेचा वापर होऊ शकत नाही. म्हणून सरकारने या मालकांची जमीन घेतली आहे आणि तिची किंमत दिली पाहिजे. गाड्या बंद झाल्यापासून चौदा वर्षांनी.

माझं मत सांगतो. केटी ट्रेल व्हायलाच हवी होती. ती पट्टी एकदा तुटली असती तर पुन्हा कधी जुळली नसती. पण पहिली दहा वर्षं ही वाट थोडी शेतकऱ्यांच्या खर्चाने चालली. लोकांना हवी असलेली गोष्ट लोकांच्या तिजोरीतून घ्यावी, हे साधं तत्त्व आहे. २००० नंतर ट्रेलचा पाया जास्त पक्का झाला असं मला वाटतं, कारण आता 'आमची जमीन फुकट घेतली' या म्हणण्याला उत्तर होतं.

पूल पाडायचा की ठेवायचा?

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग.

बूनव्हिलला मिसुरी नदीवर केटीचा लोखंडी पूल आहे. १९३२ चा. बोटी जाव्यात म्हणून मधला ४०८ फुटांचा गाळा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. गाड्या बंद झाल्यावर हा पूल तसाच उभा राहिला, मधला गाळा वर करून. सायकली शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून नदी ओलांडतात.

२००५ च्या सुमारास पुलाच्या मालकाने, म्हणजे युनियन पॅसिफिकने, पूल काढून त्याचं पोलाद ओसेज नदीवरच्या दुसऱ्या रेल्वेपुलासाठी वापरायचं ठरवलं. व्यवहाराच्या दृष्टीने चूक काहीच नव्हती. राज्याच्या संबंधित विभागानेही पुलावरचा हक्क सोडायची तयारी दाखवली.

पण थांबा. याच राज्याने शेतकऱ्यांना काय सांगितलं होतं? मार्ग सोडलेला नाही, गाडी परत येऊ शकते. मग मधला पूलच काढला तर गाडी येणार कुठून? नदीवरून उडत? राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता जे निक्सन यांनी आपल्याच सरकारच्या विभागाविरुद्ध दावा लावला. पूल गेला तर मार्गाची सलगता तुटेल, आणि रेलबँकिंगचा आधारच धोक्यात येईल, असं त्यांचं म्हणणं. कोर्टात त्यांना यश आलं नाही. पण गावकऱ्यांनी पुलाचा विषय सोडला नाही, आणि पूल पाडायचं काम लांबत गेलं.

२०१० पर्यंत निक्सन राज्यपाल झाले होते. मंदीतून सावरण्यासाठी केंद्राने दिलेल्या निधीतून ओसेज नदीवरच्या नव्या पुलाची सोय झाली, पोलादाची गरज उरली नाही, आणि युनियन पॅसिफिकने जुना पूल देऊन टाकायचं मान्य केलं. २०१६ मध्ये त्याचा काही भाग लोकांसाठी खुला झाला. आज तुम्ही चालत उचललेल्या गाळ्यापर्यंत जाऊ शकता. पुढे नदीवर पोकळी आहे, आणि वर अधांतरी लटकलेला रेल्वेचा गाळा.

त्या पुलावर उभं राहिलं की १९८३ च्या त्या वाक्याचं वजन कळतं. 'गाडी परत येईल' असं लिहिलं की ते खरं करण्याची शक्यता तरी जपावी लागते. नाहीतर शेतकऱ्याचा आरोप खरा ठरतो, की हा सगळा जमीन घ्यायचा बहाणा होता.

मग गाडी परत येणार का?

देशभरात बँकेत ठेवलेल्या मार्गांवर पुन्हा रूळ टाकले गेल्याची उदाहरणं आहेत, पण अगदी थोडी. केटीवर ते माझ्या हयातीत होईल असं वाटत नाही. तरी सलग २४० मैलांची, फारसा चढ नसलेली पट्टी आज शाबूत आहे, आणि पन्नास वर्षांनी कुणाला तिची काय गरज पडेल हे आपण आज ठरवायला नको.

मिसुरीत आता दुसरा डाव सुरू झालाय. रॉक आयलंड रेल्वेचा जुना मार्ग. त्याचा ४७ मैलांचा तुकडा २०१६ मध्ये खुला झाला आणि विंडसर गावी केटीला जोडला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये आणखी १४४ मैलांचा पट्टा राज्याकडे आला. सगळं जमलं तर दोन्ही मिळून साडेचारशे मैलांच्या आसपास वर्तुळ होईल. आणि वाद पुन्हा तेच आहेत. पैसे कोण देणार, कुंपण कोण घालणार, माझ्या शेतातून का. यावेळी निदान केटीचा हिशोब समोर आहे. वाट करायची तर शेजाऱ्याचं बिल सुरुवातीलाच मांडा, चौदा वर्षांनी कोर्टात नको.

सायकल घेऊन जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघा. उन्हाळ्यात नदीकाठचा दमटपणा घाम काढतो. टायर जरा रुंद घ्या, कच बारीक असली तरी पावसानंतर चाक रुततं. आणि वाटेत एखाद्या शेताच्या कुंपणाजवळ पाणी प्यायला थांबलात, तर शेतावर कुणी दिसलं की हात जरूर करा. तुम्ही त्यांच्या वहिवाटीवर आहात.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू लवकरच.